नळी ४५७ मिमी, रिसीव्हर वेगळा, कागद सापडत नाहीत: आधी जोडायची की आधी नोंदवायची?

अक्रोडाचा_दस्ता (अल्बर्टा):

मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, पण तपशील दिल्याशिवाय उत्तर नीट मिळणार नाही म्हणून सगळं लिहितो.

आमच्या नेमबाजी क्लबातले एक ज्येष्ठ सभासद गेले. त्यांच्या मुलीकडे बंदुकीचा परवाना नाही, आणि घर रिकामं करायचं आहे. तळघरात एक लाकडी पेटी निघाली. आत एम-१ कार्बाइन आहे, पण सुटी केलेली. रिसीव्हर (म्हणजे मधला सांगाडा, ज्यावर बाकीचे भाग बसतात) तेलकट फडक्यात गुंडाळलेला, नळी वेगळी, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) वेगळा, अक्रोडाचा दस्ता आणि दोन मॅगझिनं, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्या. इथे कॅनडात बंदुकांचे तीन वर्ग: साधा नॉन-रिस्ट्रिक्टेड, नोंदणी लागणारा रिस्ट्रिक्टेड आणि बंदी असलेला प्रोहिबिटेड. माझ्याकडे रिस्ट्रिक्टेडचा परवाना आहे, दोन्ही कोर्स झालेले आहेत, क्लबाचं सभासदत्व चालू आहे. मुलगी म्हणते, "बाबांना तुम्हीच घेतलेली आवडली असती." पेटी अजून तिच्याच घरी आहे. मी उचललेली नाही.

नळी मोजली तर १८ इंच भरते. म्हणजे ४५७ मिमी. नियम किमान ४७० चा. याचा अर्थ जोडली की रिस्ट्रिक्टेड, एवढं मला कळतं. पुढचं कळत नाही. आत्ता ती पेटी म्हणजे कायद्याने बंदूक आहे की नुसते सुटे भाग? मी जोडून मग नोंदवायची, की नोंदवून मग जोडायची? क्लबात दोघांना विचारलं तर तीन मतं मिळाली.

प्रेरीवारा:

एवढा विचार कशाला करताय? भाग म्हणजे भाग. नळी काही बंदूक नाही, दस्ता तर लाकूडच. घरी आणा, निवांत जोडा, मग फोन करून नोंद करून टाका. आणि महायुद्धातली वस्तू आहे, ॲन्टिक म्हणून सुटेलसुद्धा.

वकिलीणबाई (ओंटारियो):

प्रेरीवारा, तुमचा सल्ला ऐकून कोणी तसं केलं तर त्याला माझ्यासारखीची फी भरावी लागेल, म्हणून आधी हे खोडते.

ॲन्टिकची रेषा १८९८ ची आहे. त्याआधी बनलेली आणि बाकीच्या अटींत बसणारी असेल तरच. एम-१ कार्बाइन १९४० च्या दशकातली, तिचा त्या सवलतीशी काही संबंध नाही.

"भाग म्हणजे भाग" हे तर त्याहून चूक. फौजदारी संहितेच्या कलम २ मधली बंदुकीची व्याख्या वाचा. त्यात फ्रेम (पिस्तुलाचा सांगाडा) आणि रिसीव्हर स्पष्ट शब्दांत घातलेले आहेत. नळी नाही, बोल्ट नाही, गोळी सुटू शकत नाही, तरीही नुसता रिसीव्हर ही कायद्याने बंदूकच. आणि सी-२१ हे विधेयक आल्यापासून नळी व पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) हे "बंदुकीचे भाग" म्हणून वेगळे नोंदले गेलेत, ते घ्यायलाही परवाना लागतो. त्या विधेयकाला डिसेंबर २०२३ मध्ये राजमान्यता मिळाली. म्हणजे पेटीतल्या दोन वस्तू परवान्याशिवाय हात बदलू शकत नाहीत. दस्ता खुशाल घ्या.

जोडून मग फोन करायचा, यातली खोच अशी की ४५७ मिमीची नळी बसली त्या क्षणी तुमच्या हातात रिस्ट्रिक्टेड बंदूक आहे आणि तिचं नोंदणी प्रमाणपत्र नाही. हे कलम ९१ मध्ये येतं, कमाल पाच वर्षं. नोंद नाही हे ठाऊक असताना जवळ ठेवली तर कलम ९२, कमाल दहा. आणि इथे सार्वजनिक ठिकाणी प्रश्न विचारून झाल्यावर "मला ठाऊक नव्हतं" असं म्हणायची सोय उरत नाही.

जुना_मोजपट्टीवाला (सस्कॅचवान):

दस्ताभाऊ, पेटी उचलली नाहीत हे फार बरं केलंत. बाईंनी कायदा सांगितला, मी कामाचं सांगतो. बरीच वर्षं मी क्लबातर्फे व्हेरिफायरचं काम केलं, म्हणजे लोकांच्या बंदुका बघून, मोजून, नोंदणीसाठी तपशील कळवायचे. पगार नाही, चहा मात्र भरपूर.

तुम्ही प्रश्न जोडण्याच्या बाजूने विचारताय. माझा पहिला प्रश्न वेगळा आहे: रिसीव्हरवरचा नंबर काय आहे, आणि तो नंबर सरकारी नोंदीत आज कसा दिसतो?

कारण कागदोपत्री बंदूक म्हणजे तो नंबर. सातबारा जमिनीचा असतो, वरच्या घराचा नाही. घर पाडलं तरी उतारा राहतो. तसंच इथे. तुमच्या दिवंगत सभासदांनी नळी काढून ठेवली म्हणून नोंद आपोआप पुसली जात नाही. ते क्लबाचे सभासद होते, म्हणजे बहुधा ती कधीकाळी अख्खी असताना रिस्ट्रिक्टेड म्हणून त्यांच्या नावावर चढलेली असणार. तसं असेल तर तुम्ही "सुटे भाग" घेत नाही आहात, "नोंद नसलेला रिसीव्हर" घेत नाही आहात. तुम्ही एक नोंदलेली रिस्ट्रिक्टेड बंदूक नावावर करून घेताय जिची नळी सध्या बाजूला ठेवलेली आहे. सगळी प्रक्रियाच बदलते. तेव्हा आधी नंबर, मग बाकीचं.

नंबर शोधताना एक गंमत लक्षात ठेवा. रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर "यू. एस. कार्बाइन" वगैरे अक्षरं दिसतील, ती सगळ्यांवर असतात, त्यावरून काही कळत नाही. कारखान्याचं नाव आणि नंबर मागच्या टोकाला असतात, आणि नंतरच्या काळात बसवलेली सरकवायची मागची साईट नेमकी त्या नावावर बसते. नोंदीत कारखान्याचं नाव चुकलेलं मी पाहिलंय ते याचमुळे: कोणीतरी नळीवरचं नाव वाचून लिहिलेलं. ही कार्बाइन दहा मुख्य कंत्राटदारांनी बनवली, साठ लाखांच्या वर. त्यात विंचेस्टर होती, टाइपरायटरवाली अंडरवुड होती, आयबीएम होती, ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओला होती. युद्धानंतर लष्करी डेपोत हजारोंनी खोलल्या, पुसल्या, हाताला येईल तो भाग लावून परत बांधल्या. त्यामुळे नळीवर एक नाव, रिसीव्हरवर दुसरं, बोल्टवर तिसरं, हे या बंदुकीत नेहमीचंच. नोंदीला धरायचं ते रिसीव्हरचं. संग्राहक लोक "सगळे भाग एकाच कारखान्याचे" करायला जीव टाकतात, तो त्यांचा छंद, नोंदणीला त्याचं काही नाही.

आणि नंबर खरवडलेला किंवा पुसलेला दिसला तर तिथेच थांबा. कलम १०८. तशी वस्तू घरात आणायची नाही.

अक्रोडाचा_दस्ता:

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. मुलीला विचारतो. पण नोंद निघालीच नाही तर? म्हणजे ती कॅनडात नोंदणी नीट सुरू व्हायच्या आधीपासूनची नळीशिवाय पडून असेल तर?

जुना_मोजपट्टीवाला:

तरी मार्ग आहे, फक्त क्रम पाळायचा.

या बंदुकीचा वर्ग मोजपट्टीवरून ठरतो. सेमी-ऑटो (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते), सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होतो ती), आणि नळी ४७० मिमीपेक्षा कमी, म्हणून रिस्ट्रिक्टेड. पण त्याच्याही आधी एक पायरी: मे २०२० पासून बंदी घातलेल्या मॉडेलांच्या याद्या वाढत गेल्यात, डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्येही भर पडली. त्यामुळे तुमचं नेमकं मॉडेल, नेमका कारखाना आजच्या फायरआर्म्स रेफरन्स टेबलमध्ये, म्हणजे बंदुकांच्या वर्गवारीच्या सरकारी यादीत, कुठल्या वर्गात आहे ते पाहा. युद्धकाळातली मूळ आणि नंतर कुठल्या खासगी कंपनीने काढलेली नक्कल या दोन वेगळ्या नोंदी असतात. दोन वर्षांपूर्वीचं कोणाचं उत्तर वाचून निघू नका, माझंसुद्धा.

नोंद नसेल, तर नळी बसवण्याच्या आधी फायरआर्म्स प्रोग्रामला, म्हणजे परवाने-नोंदणी बघणाऱ्या सरकारी खात्याला, फोन. तिथल्या माणसाला सरळ सांगायचं: माझ्याकडे येणारा रिसीव्हर हा, नंबर हा, त्याला ४५७ ची नळी बसवायचा इरादा आहे, नोंदणी कशी करू. ते व्हेरिफिकेशन मागतील. व्हेरिफायर बघतो काय: कंपनी, मॉडेल, ॲक्शन (गोळी भरण्याची पद्धत), कॅलिबर (नळीचा व्यास), नळीची लांबी, किती गोळ्यांची, नंबर. ते जुळलं की अर्ज पुढे सरकतो. रिसीव्हरला मुळात नंबरच नसेल, तर रजिस्ट्रार ओळख क्रमांक देतो आणि तो बंदुकीवर लावायचा असतो. युद्धकाळातल्या कार्बाइनला नंबर असतोच, तेव्हा तुम्हाला त्याची गरज पडू नये.

लांबी कशी मोजतात यावर बरेच वाद होतात म्हणून सांगतो. तोंडापासून चेंबरच्या (गोळी बसते त्या जागेच्या) मागच्या कडेपर्यंत, चेंबर धरून. तोंडावर फ्लॅश हायडर किंवा धक्का कमी करणारं काही लावलं असेल तर ते धरायचं नाही. एकाने माझ्यासमोर कार्बाइनला लांबलचक हायडर लावून "आता ४७० च्या वर गेली" असा दावा केला होता. कलम ८४ मध्ये ती पळवाट आधीच बुजवलेली आहे.

मोन्ट्रियलची_मैना:

एक शंका. १८.६ इंचाच्या नळ्या मिळतात ना या कार्बाइनला? ४७२ मिमी. ती बसवली तर हा सगळा खटाटोपच नको.

जुना_मोजपट्टीवाला:

मिळतात, आणि नेमक्या याच कारणासाठी बनवतात. त्या लावल्या आणि मॉडेल बंदीच्या यादीत नसेल, तर नॉन-रिस्ट्रिक्टेड. तेरा-पंधरा मिलिमीटरवर एवढा फरक पडतो हे हास्यास्पद वाटतं, पण आकडा कुठेतरी ठेवावाच लागतो. माझं वैयक्तिक मत: मूळ नळी काढून फेकायची असेल तर मग ती कार्बाइन घेण्यात काय मजा? पण ज्याला रिस्ट्रिक्टेडची कुलपं, ने-आणीचे परवाने, फक्त रेंजवरच वापर हे नको असेल त्याने खुशाल लांब नळी घ्यावी.

फक्त दोन गोष्टी. आधीच रिस्ट्रिक्टेड म्हणून नोंद असेल तर नळी बदलल्याने वर्ग बदलतो, आणि तो बदल ३० दिवसांत रजिस्ट्रारला कळवायचा असतो. मनातल्या मनात "आता ही नॉन-रिस्ट्रिक्टेड झाली" असं ठरवून भागत नाही. दुसरं, उलटी दिशा. लांब नळी करवतीने कापून छोटी करायची नाही. कापून ४५७ च्या खाली गेली की ती रिस्ट्रिक्टेड नव्हे, थेट प्रोहिबिटेड. कारखान्यात छोटी बनलेली नळी आणि घरी कापलेली नळी यात कायदा फरक करतो.

मोन्ट्रियलची_मैना:

आमच्या क्विबेकमध्ये नॉन-रिस्ट्रिक्टेडलासुद्धा प्रांताची वेगळी नोंदणी आहे, जानेवारी २०१८ पासून. केंद्राची लाँग-गन (रायफली-शॉटगनांची) नोंदणी २०१२ मध्ये गेली म्हणून लोक इथे राहायला आल्यावर गाफील राहतात. दस्ताभाऊ अल्बर्टात आहेत म्हणून सुटले.

वकिलीणबाई:

आणि बाकी देशातही "नोंदणी नाही" म्हणजे "विचारायचं नाही" असं नाही. मे २०२२ पासून नॉन-रिस्ट्रिक्टेड देताना-घेताना समोरच्याचा परवाना तपासून रेफरन्स नंबर घ्यावा लागतो. नुसता रिसीव्हर दिला तरी.

नवा_नेमबाज:

मला यातूनच विचारायचंय. माझ्याकडे पिस्तुलाची फ्रेम विकणारा एक जण आहे. स्लाइड आणि नळी नंतर घेऊन हळूहळू जोडायचं म्हणतोय. रिस्ट्रिक्टेडचा परवाना नुकताच आलाय.

वकिलीणबाई:

नाही. २१ ऑक्टोबर २०२२ पासून हॅन्डगनची खरेदी-विक्री-हस्तांतर व्यक्तींसाठी गोठवलेली आहे, आणि सी-२१ ने ते कायद्यातच घातलं. फ्रेम म्हणजे हॅन्डगनच. अपवाद फार थोडे आहेत: ऑलिम्पिक किंवा पॅरालिम्पिकमधल्या पिस्तूल प्रकारात स्पर्धा, सराव किंवा प्रशिक्षण करणारे, आणि कामासाठी बाळगण्याची परवानगी असलेले. तुम्ही त्यात नसाल तर तुमच्या नावावर प्रमाणपत्र निघणारच नाही, मग तुकड्यातुकड्याने घ्या की एकदम घ्या. आणि विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्याच्यापासून लांब राहा.

प्रेरीवारा:

बरं, माझं चुकलं असेल. पण मग स्वतः बंदूक जोडणं हा गुन्हाच आहे का? लोक तर दस्ते बदलतात, ट्रिगर बदलतात, कायकाय करतात.

वकिलीणबाई:

प्रश्न चांगला आहे. कारखान्यातून आलेला, नंबर असलेला, कायदेशीर हातात आलेला रिसीव्हर घेऊन त्यावर भाग लावणं वेगळं. तिथे बंदूक आधीपासून आहे, तुम्ही तिची रचना बदलताय. वर्ग बदलत असेल तर कळवायचं. रिसीव्हरच घरी तयार करणं, अर्धवट घडवलेल्या ठोकळ्यातून काढणं, छापणं, हे उत्पादन. त्याला व्यवसायाचा परवाना लागतो, पद्धत कुठलीही असो. परवानगीशिवाय उत्पादन कलम ९९ मध्ये बसतं, आणि तिथली कमाल शिक्षा आता १४ वर्षं आहे. तयार करण्याच्या इराद्याने तशा संगणक-फायली जवळ ठेवणं हाही सी-२१ पासून स्वतंत्र गुन्हा.

जुना_मोजपट्टीवाला:

दस्ताभाऊ, बाई मोठ्या विषयावर गेल्या तोवर मला तुमच्या पेटीतली खरी धोक्याची वस्तू आठवली. ती दोन मॅगझिनं.

एम-१ कार्बाइनचं मूळ मॅगझिन १५ गोळ्यांचं. सेंटरफायर सेमी-ऑटो रायफलला इथे मर्यादा ५ ची. कायमचं ५ वर बंद केलेलं नसेल तर ते मॅगझिन प्रोहिबिटेड उपकरण, तुमच्या परवान्याने ते घेता येत नाही. बंदुकीची नोंदणी अगदी चोख करून माणूस अडकतो तो असा, पेटीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डबीपायी. तळाशी रिव्हेट दिसतो का, किती गोळ्या जातात, हे कोणी जाणकार तिच्याच घरी बघू दे. बंद केलेलं नसेल तर मुलीने पोलिसांना कळवून द्यावं. तुम्ही नेऊन देतो म्हणू नका.

दुसरं, भागांवर कुठे "एम-२" असं उठवलेलं आहे का पाहा. एम-२ ही याच कार्बाइनची ऑटोमॅटिक भावंड. डेपोतल्या सरमिसळीत तिचे भाग एम-१ मध्ये आलेले सापडतात. तसं काही दिसलं तर जोडायचं नाव काढू नका, फोनवर तेही सांगा. ऑटोमॅटिक झालेली बंदूक हा पूर्णपणे दुसरा मामला आहे.

दस्ता घडीचा आहे का? छत्रीधारी सैनिकांच्या एम-१ ए-१ ला घडीचा होता. घडी करून एकूण लांबी ६६० मिमीच्या खाली जात असेल, तर लांब नळी लावूनही ती रिस्ट्रिक्टेडच राहते. तुम्ही अक्रोडाचा म्हणालात म्हणजे साधाच असेल, पण घडीच्या दस्त्यालाही लाकूड असतं म्हणून विचारलं.

अक्रोडाचा_दस्ता:

दस्ता अखंड आहे, घडीचा नाही. एम-२ कुठे दिसलं नाही, पण मी फक्त वरवर पाहिलंय.

आणि बातमी: मुलीने एक्झिक्युटर (वडिलांच्या मालमत्तेची व्यवस्था बघणारी) म्हणून फोन केला. मृत्यूचा दाखला आणि अधिकार असल्याचं घोषणापत्र मागितलं, ते दिल्यावर कळलं की नंबर नोंदीत आहे. रिस्ट्रिक्टेड, वडिलांच्या नावावर, नळी ४५७. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. प्रमाणपत्रही मग जुन्या आयकराच्या फाइलीत सापडलं. मॅगझिनांपैकी एक बंद केलेलं निघालं, दुसरं नाही; ते पोलीस घेऊन गेले.

आता पुन्हा व्हेरिफिकेशन लागेल का? आणि नळी मी बसवू की कारागिराकडून?

जुना_मोजपट्टीवाला:

नोंदीतला तपशील आणि पेटीतली वस्तू जुळत असेल, आधी व्हेरिफाय झालेली असेल, तर सहसा पुन्हा लागत नाही. हस्तांतराच्या फोनवर विचारा. तिथे ते उद्देशही विचारतील: टार्गेट नेमबाजी की संग्रह. तुमचं क्लबाचं सभासदत्व तिथे कामी येतं. हस्तांतर मंजूर होऊन तुमच्या नावाचं प्रमाणपत्र निघेपर्यंत पेटी तिच्याचकडे, कुलपात.

नळीच्या बाबतीत कारागीर. चेंबर आणि बोल्टमधलं अंतर गेजने तपासल्याशिवाय ऐंशी वर्षं जुन्या सरमिसळीतून गोळी झाडणं मला पसंत नाही, आणि या नळीला बसवायला योग्य अवजारं लागतात. मात्र कारागिराकडे नेण्यासाठी वेगळी एटीटी, म्हणजे ने-आणीची परवानगी, मागून घ्या. जुलै २०२१ पासून ती आपोआप मिळत नाही. रेंज आणि घर एवढंच आपोआप येतं. नळी नसली तरी रिसीव्हर ही रिस्ट्रिक्टेड बंदूकच समजून न्यायची: गोळ्या नाहीत, लॉकिंग डिव्हाइस लावलेलं, आतलं दिसणार नाही अशा कुलूपबंद पेटीत. ट्रिगर हाउसिंग (चापाची चौकट) सुटं असल्यामुळे नेहमीचं ट्रिगर लॉक बसणार नाही. रिसीव्हरमधून जाणारं केबल लॉक घ्या.